बारा ते तीन



 करांवर आणि परवान्यांवर बोलायला या सभेत जाणकार मंडळी आहेत. अध्यक्ष म्हणून मला बोलायचं आहे ते उपाहारगृह चालवणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या गल्ल्यामागच्या पाटीबद्दल : ‘दुपारी १२ ते ३ डोसा, उत्तप्पा मिळणार नाही.’

ही पाटी वाचून गिऱ्हाईक चिडतं. पीठ आहे, तवा आहे, आचारी समोर उभा आहे, मग नाही का म्हणता? अमेरिकेत मॅकडोनाल्डच्या काउंटरवर लोक वर्षानुवर्षं हेच विचारत आले. सांता बार्बरातल्या हर्ब पीटरसन या चालकानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गोल कड्यात अंडं शिजवून एग मॅकमफिन काढला आणि तिथली न्याहारी रुळली. बहुतेक दुकानांत ती सकाळी साडेदहाला बंद व्हायची. अंड्याला मंद आच लागते, बीफच्या टिक्कीला कडक, आणि तव्यावरची जागा मोजकी. लोकांच्या आग्रहाखातर ६ ऑक्टोबर २०१५ला कंपनीनं दिवसभर न्याहारी द्यायला सुरुवात केली. तरी सगळे पदार्थ देता आले नाहीत. सुरुवातीला कुठे मफिन मिळे, कुठे बिस्किटाचे प्रकार. भटारखान्यात गोंधळ होतो, हात अडकतात, अशी ओरड चालकांनीच केली. मार्च २०२०मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, काम सुटसुटीत करण्यासाठी ही सोय थांबवली गेली.

मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली सॅन बर्नार्डिनोतलं आपलं दुकान काही महिने बंद ठेवून पदार्थांची यादी कापून नऊवर आणली होती, हेही आठवावं. तो सगळा धंदा ‘नाही’ म्हणण्यावर उभा राहिला.

आता आपल्याकडे या. बाराच्या सुमाराला तव्यापाशी उभं राहून बघा. डोसा घालण्याआधी दर वेळी पाणी मारून, पुसून तवा जरा उतरवावा लागतो, नाहीतर पीठ पसरतच नाही, वाटीबरोबर गोळा होऊन येतं. राइस प्लेटच्या चपात्यांना तोच तवा कडक आणि कोरडा हवा. चपातीचं सुकं पीठ तव्यावर जळतं, त्यावर डोसा घातला तर काळे ठिपके आणि करपट वास. शेजारच्या कढईत पुऱ्या तळणं चालू, म्हणजे मेदूवडा थांबला. उन्हाळ्यात पहाटेचं डोशाचं पीठ दुपारपर्यंत आंबट होऊ लागतं, ते वेगळंच.

यात आपला फायदाही आहे आणि तो लपवायचं कारण नाही. राइस प्लेट वाढून तयार असते, टेबल लवकर मोकळं होतं. डोसा एकेक घालावा लागतो. दारात कामावरून आलेल्यांची रांग असताना चार डोशांसाठी चाळीस माणसं खोळंबवणं मला बरोबर वाटत नाही. त्यांची जेवणाची सुटी थोडकीच असते.

मात्र पाटीला आपण स्वतःच हरताळ फासतो. टेबलावरच्या माणसाला नाही म्हणतो आणि दीड वाजता मोबाइलवर डोशाची ऑर्डर आली की गुपचूप घेतो. समोर बसलेलं गिऱ्हाईक ते पार्सल बाहेर जाताना बघतं. त्याचा राग रास्त आहे. आणि तीननंतर आचाऱ्यानं पाठ टेकायची, ती वेळही अशाच ऑर्डरी खातात. पहाटे चारला भट्टी पेटवणाऱ्या माणसाची ती एकच विश्रांती आहे, मंडळी.

म्हणून दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. पाटीवर वेळेखाली कारणही लिहावं : ‘या वेळेत तव्यावर चपात्या होतात.’ पाटीवर जे बंद, ते मोबाइलवरच्या यादीतही त्या वेळेपुरतं बंद करावं. ही सोय आपल्याच हातात असते. आणि तीन ते चार तवा थंड राहील. चर्चेला आपापल्या आचाऱ्यांनाही घेऊन या, त्यांचं म्हणणं मला आधी ऐकायचं आहे.