नोकरीकडून स्वतंत्र व्यवसायाकडे
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस चार शब्द बोलण्यास पाचारण केले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. विषय आमच्याच संसारातला, म्हणून थोडा संकोच वाटतो. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असे आपले वडीलधारे म्हणत. आणि चिरंजीव पदवीधर होताच त्यांच्यासाठी नोकरीच पाहत! आम्हीही पुण्यातील एका कंपनीत चौदा वर्षे संगणकाचे प्रोग्राम लिहिले आणि २०१६ साली राजीनामा देऊन स्वतंत्र सल्लागार झालो.

पहिली चूक हिशेबाची झाली. दरमहा १,२०,००० रुपयांच्या पगारास १६० तासांनी भागून आम्ही ताशी ७५० रुपये दर ठरविला. परंतु महिन्यातून जेमतेम ९० तासांचेच बिल होई. उरलेला वेळ ग्राहक शोधणे, दरपत्रके पाठविणे व हिशेब लिहिणे यांत जाई. हाती ६७,५०० रुपये येत. भरपगारी रजा नाही, भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा नाही, आजारपणाचा विमाही आपणच उतरावयाचा. दर दुप्पट करण्यास धैर्य लागले. त्यापायी दोन ग्राहक सोडून गेले, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी चूक अधिक महाग पडली. एका कारखानदारास मालसाठ्याच्या नोंदींची प्रणाली आम्ही तोंडी शब्दावर तयार करून दिली. पैसे 'पुढल्या आठवड्यात' येणार होते. ते सात महिने आले नाहीत. त्या काळात घर आमच्या सौभाग्यवतींच्या शिक्षिकेच्या वेतनावर चालले. त्यांनी ते एकदाही बोलून दाखविले नाही. आम्हीच रात्री उठून बसत असू. पुढे कळले की, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यान्वये नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे, करारात कितीही लांबची मुदत लिहिली तरी, ४५ दिवसांत द्यावे लागतात; विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आम्ही नोंदणीच केली नव्हती! आता एकतृतीयांश रक्कम आगाऊ घेतल्याविना कामास हात लावीत नाही. प्रोग्रामची मालकी ग्राहकाकडे केव्हा जाईल, हेही कागदावर येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत लिहिलेले काम मालकाचे ठरते. स्वतंत्र माणसाचे, अन्य लेखी करार नसल्यास, सहसा त्याचेच राहते.

ज्या तरुणांच्या मनात हा विचार घोळत असेल, त्यांनी वर्षभराचा घरखर्च आधी बँकेत ठेवावा. घरासाठी कर्ज काढावयाचे असल्यास तेही नोकरीत असतानाच काढावे; नंतर बँका काही वर्षांची आयकर विवरणपत्रे मागतात.

जाता जाता एक गाऱ्हाणे. आमचा धाकटा बंधूही याच मार्गाने गेला. गेल्या वर्षी त्याच्यासाठी मंडळाच्या वधूवर सूचक केंद्राचा अर्ज भरला. त्यात 'नोकरीचे ठिकाण' असा रकाना आहे. तेथे आम्ही 'स्वतंत्र' असे लिहिले, तेव्हा एका वधूपित्यांनी विचारले, "म्हणजे सध्या घरीच का?" त्या रकान्यात 'वा व्यवसायाचे' एवढे दोन शब्द घालावेत, अशी कार्यवाहांस विनंती आहे. नव्या छपाईचा खर्च आम्ही देऊ.