भाग : मातीची गढी बघायला जाताना

ओझरहून बोलतोय.

रविवार मोकळा असला की आपल्या ओझर-निफाडकडची मंडळी नांदूरमध्यमेश्वरला निघतात. पाणी, पक्षी, दुर्बीण, सोबतीला गाइड. ही जागा रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिलीच. छान आहे, जरूर जा. पण आज मी पाण्याकाठच्याच दुसऱ्या एका जागेबद्दल बोलणार आहे. तीही जपण्यासारखी आहे, पण तिथे सहलीला कुणी जात नाही.

ओझरपासून वीसेक किलोमीटरवर, जुन्या नाशकात गोदावरीकाठी, जुनी मातीची गढी आहे. गढी म्हटलं की आपल्याला बुरूज आठवतात. इथे दिसतं ते मातीचं टेकाड. पण १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा एकावर एक थर निघाले. वर मराठा-मुसलमानी काळ, त्याखाली सातवाहनांचा, आणि तळाशी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती. त्याच मोहिमेत संगमनेरजवळचं जोर्वेही खणलं गेलं. 'जोर्वे संस्कृती' हे नाव तिथूनच आलं.

आता हे टेकाड झालं कसं? मातीची घरं पडतात, लोक तीच माती सपाट करून वर नवीन घर बांधतात. राख, शेण, फुटकी मडकी, सगळं तिथेच साठत जातं. आपल्याकडे याला शब्द आहे, पांढरी. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं. म्हणजे गढीची माती ही नुसती माती नाही, ती माणसांच्या राहण्याने तयार झालेली आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनच्या तळ्यांकाठी असेच मातीचे उंचवटे आहेत. हो-चंक लोकांच्या पूर्वजांनी हजारेक वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या, अस्वलांच्या आकारात रचलेले. ते मुद्दाम रचले, आपली गढी वस्तीने वाढली, हा फरक आहेच. पण संकट सारखंच. तिथले कितीतरी उंचवटे नांगराखाली गेले. उरलेल्यांपैकी काही आज तळ्याकाठच्या बागांमध्ये आहेत, आणि तिथल्या दफनभूमींना राज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे.

कायदा आपल्याकडेही आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगी लागते. पण इथे गोष्ट अवघड होते, कारण जुन्या नाशकात माणसं राहतात. काझी गढीच्या कडेला पावसाळ्यात माती ढासळते, घरं धोक्यात येतात, नोटिसा निघतात. संरक्षक भिंतीची मागणी जुनीच आहे. माती सुटली की राहणाऱ्याचं घर जातं आणि इतिहासाचा थरही जातो. म्हणून 'वारसा की वस्ती' असा वाद मला पटत नाही. कडा धरून ठेवला तर दोन्ही वाचतात.

जाणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. पावसात कडेजवळ जाऊ नका. लांबूनच कापलेली बाजू बघा. राखेचा काळपट पट्टा, मध्येच खापरांची ओळ, असं काही दिसलं तर थांबा. आणि खापर उचलू नका. ते कुठल्या थरात सापडलं यावरूनच त्याचा काळ कळतो. खिशात टाकलंत की तो पुरावा गेला.

तिसरी गोष्ट आपल्या शेतकरी मित्रांसाठी. पांढरीची माती खताला चांगली म्हणून ट्रॉल्या भरून नेण्याची पद्धत जुनी आहे. यंदा जेसीबी लावण्याआधी एकदा खाली वाकून बघा. मडक्यांचे तुकडे, दगडी पाती दिसली तर काम थांबवा आणि तहसीलला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.

तुमच्या गावातही अशी पांढरी असेल. तिला गावात काय म्हणतात, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.

भेटूया. काळजी घ्या.