मिलम : खिंडीवर जगलेले गाव

पापनाशमच्या पालैवननाथ मंदिरापाशी नायक राजवटीतील विटांचे एक भव्य धान्यकोठार आहे. ते येथील श्रोत्यांच्या नित्य परिचयाचे. कावेरीच्या पाण्यावर भात पिकावे, ते कोठारात पडावे आणि गावाने निर्धास्त राहावे. पण जेथे कोठार भरण्याइतके धान्य कधी पिकलेच नाही, त्या गावाने जगावे कसे? कुमाऊंतील मिलमने या प्रश्नाचे शोधलेले उत्तर कित्येक पिढ्यांना पुरले; 1962 साली ते एकाएकी निरुपयोगी ठरले.

मिलम हे पिथौरागढ जिल्ह्याच्या जोहार खोऱ्यात, गोरीगंगेच्या उगमाजवळ, सुमारे 3,400 मीटर उंचीवर वसलेले शौका लोकांचे गाव. जमीन बर्फमुक्त असते ती उन्हाळ्याचे मोजके महिने. तेवढ्यात जव, कुट्टू व बटाटे पदरात पडतात. हिवाळा लागला की मुलेबाळे, गुरे व भांडीकुंडी यांसह सारे गाव मुनस्यारीकडे आणि त्याखालच्या ऊबदार दऱ्यांत उतरत असे. या गावाची खरी शेती मात्र खिंडीपलीकडे होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

खालच्या खोऱ्यांतून धान्य, गूळ व कापड घ्यावे, ते शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवरील लहान पिशव्यांत भरावे आणि उंटाधुरा, जयंती व किंगरी-बिंगरी या पाच हजार मीटरांहून उंच खिंडी ओलांडून तिबेटातील ग्यानिमाच्या बाजारी न्यावे. परतताना मीठ, लोकर व टाकणखार आणावा. मेंढीचे ओझे ते केवढे! पण कळप मोठे, आणि मेंढी वाटेतच चरते, म्हणून चाऱ्याचे ओझे नाही. शौक्याचा पलीकडे एक ठरलेला मित्र असे. एक दगड फोडून त्याचे दोन भाग दोघांनी जपावयाचे. ते एकमेकांशी जुळले की ओळख पटली. करार पुढील पिढीकडेही जाई.

या वाटांची जाण पाहूनच सर्वेक्षण खात्याने मिलमचे शाळामास्तर नैनसिंह रावत यांना निवडले. 108 मण्यांऐवजी 100 मण्यांची माळ हाती घेऊन, शंभर पावलांस एक मणी ओढीत, ते 1866 मध्ये ल्हासाला पोचले. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

1962 च्या युद्धानंतर खिंडी बंद झाल्या. युद्धाच्या इतिहासात सैन्याच्या हालचालींचा तपशील सापडतो. मालक कळप विकून खाली उतरला, हे त्यात क्वचितच येते. 1967 मध्ये भोटिया समाजास, आणि त्याबरोबर शौक्यांस, अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. अनेकजण शिकले, सरकारी नोकऱ्यांत गेले. त्यांचे भले झाले, गावाचे झाले नाही. 1992 मध्ये लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू झाला, परंतु तो दुसऱ्या खोऱ्यात. उंटाधुराची वाट मिटलेलीच राहिली.

कुमाऊंतील मोठ्या गावांत गणल्या गेलेल्या मिलममध्ये आज पडक्या दगडी भिंती दिसतात. जवळच सीमा पोलिसांचे ठाणे आहे. उन्हाळ्यात काही कुटुंबे वर येतात, बटाटे व औषधी वनस्पती लावतात आणि थंडी पडू लागताच मुनस्यारीला परततात.