नाव आहे तोवर



संगणकाच्या स्मृतीतील केर कोणी काढायचा? जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवलेल्या रुबी भाषेत हे काम भाषाच करते. अमुक वस्तू पुढे लागेल का, हे तिला कळत नाही. तिच्यापर्यंत वाट उरली आहे का, एवढेच ती पाहते. मुळापासून निघून वस्तूवरून वस्तूवर जात ती खूण करते आणि बिनखुणेच्या वस्तू झाडून टाकते.

आता स्थिरांक घेऊ. त्याचे नाव मुळाशी बांधलेल्या नोंदवहीत असते. त्याने धरलेली यादी कोणी पुन्हा उघडली नाही, तरी नाव आहे तोवर ती जात नाही. वस्तू ज्या साच्यातून निघतात त्या वर्गाचेही तेच. कारण वर्गाचे नाव हाही स्थिरांकच. निनावी वर्ग मात्र कोणी धरला नाही, तर केरात जातो.

मग नाव पुसले तर? तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या वर्गाला धरून असते. एक वस्तू उरली, तरी वर्ग उरतो.

महिनोन्महिने चालणाऱ्या आज्ञावलीत अशा यादीत रोज भर पडली, की स्मृती तुडुंब होते, आणि आम्ही बोल लावतो तो झाडणाऱ्याला! पण आम्हीच नाव घालून जपलेली वस्तू त्याने कोणत्या अधिकाराने टाकावी?