बॅटरीच्या गाडीचा दिवा

मंडळी, गोल्फ नावाचा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. मीही तो चित्रातच पाहिला आहे. पण त्या खेळाच्या मैदानावर फिरणारी बॅटरीची गाडी आता मैदान सोडून बाहेर पडली आहे. मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर, प्राणिसंग्रहालयांत, रुग्णालयांच्या नि महाविद्यालयांच्या आवारांत ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अपंगांना घेऊन निमूटपणे जा-ये करते. खेळ दिवसाउजेडी खेळायचा, म्हणून साध्या बनावटीच्या गाडीला पुष्कळदा दिवाच नसतो. गाडी आपल्याकडे आली की तिला संध्याकाळीही चालावे लागते, आणि मग कोणीतरी म्हणतो, "एक दिवा तेवढा लावून घ्या की!"

त्या एका दिव्याविषयी मला बोलायचे आहे. मी शिकवतो अर्थशास्त्र. विजेचा नि माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरीही एका महाविद्यालयातील अशाच गाडीच्या सहापैकी दोन बॅटऱ्या वर्षाच्या आत निकामी झाल्या, तेव्हा चौकशीसाठी नेमलेल्या तिघांत मी होतो. गाडी चालवणाऱ्या शिपाईमामांनी हयगय केली, असे आधीच ठरून गेले होते. बॅटऱ्यांची किंमत त्यांच्या पगारातून कापायची. आमच्या सह्या तेवढ्या व्हायच्या होत्या. सही करण्यापूर्वी मी सहज विचारले, "काय हो मामा, दोनच कशा गेल्या? सहाही का नाही गेल्या?"

ते म्हणाले, "सर, तेच मी सगळ्यांना विचारतोय."

उत्तर दिव्याच्या तारेत होते. त्या गाडीच्या बैठकीखाली ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, अशा साखळीने जोडलेल्या होत्या. शाळेच्या पुस्तकात हिला एकसर जोडणी म्हणतात. सगळ्या मिळून ३६ व्होल्ट. बाजारात सहज मिळणारा दिवा मात्र मोटारीचा, १२ व्होल्टचा. मग वायरमन काय करतो? शेजारच्या दोन बॅटऱ्यांवर तारा अडकवतो. सहा नि सहा बारा! बटण दाबले की दिवा लख्ख. पैसा वाचला, काम झाले. चूक त्या दिवशी दिसतच नाही.

आता हिशेब पाहा. दिवा २४ वॅटचा असेल तर १२ व्होल्टवर तो २ अँपिअर प्रवाह घेतो. रोज दोन तास जळला तर ४ अँपिअर-तास झाले. गाडी धावते तेव्हा सहाही बॅटऱ्यांतून सारखाच प्रवाह जातो. चार्जर लावला की सहाहींना सारखेच परत मिळते. दिव्याचे ते चार मात्र दोघींनीच दिलेले असतात. घरातल्या सहा जावा शेतात सारख्याच राबतात, दोघी रात्री दळणही दळतात, आणि भाकरी वाढताना सर्वांना एकेकच, तसा हा प्रकार. चार्जर पाहतो साऱ्या साखळीचा मिळून दाब. चौघी भरल्या की तो हात आखडता घेतो आणि दोघी अर्धपोटी राहतात. तो चालूच ठेवला तर चौघींतले पाणी उडून जाते. अर्धवट भरलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची साठवण घटत जाते. शेवटी ती रिकामी होते तरी मोटार साखळीतून प्रवाह ओढतच असते. मग ती उलटी भरू लागते. तिथे तिचे आयुष्य संपले म्हणायचे.

आम्ही मीटर मागवून एकेक बॅटरी तपासली. ज्या दोघींवर दिव्याच्या तारा, त्याच दोघी मेलेल्या! आणि दिव्याचे बिल मंजूर करणारे गृहस्थ आमच्याच तिघांपैकी एक होते.

मग दिवा लावायचा कसा? साऱ्या साखळीचे ३६ व्होल्ट घेऊन १२ देणारी कन्व्हर्टरची छोटी पेटी मिळते. तिच्या तारा साखळीच्या पहिल्या नि शेवटच्या टोकाला जोडायच्या, म्हणजे पाऊण अँपिअरच्या आसपासचा भार सहाहींवर सारखा पडतो. प्लसच्या तारेवर फ्यूज हवा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. कारण फ्यूज आपल्या पुढच्या तारेचे रक्षण करतो, मागच्या नव्हे. पेटीतून निघालेला प्लस बटणात, बटणातून दिव्यात, आणि दिव्यातून दुसरी तार परत पेटीच्या मायनसला. मोटारीचे मिस्त्री ही परतीची तार वाचवून गाडीच्या सांगाड्याचाच उपयोग करतात. येथे तसे करू नये. या गाड्यांत बॅटऱ्यांची साखळी बहुधा सांगाड्यापासून अलग ठेवलेली असते.

बटण घरातल्या भिंतीवरचे नको. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटणातली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. ठिणगी रेंगाळते आणि बटणाची टोके काळी पडतात. म्हणून डी.सी.साठी बनवलेले, मोटारीचे बटण घ्यावे.

"छत्तीस व्होल्ट काय करणार?" असे म्हणणारे भेटतात. कोरड्या हाताला झटका बहुधा बसणार नाही, हे खरे. पण लोखंडी पाना दोन टोकांवर आडवा पडला तर क्षणात लाल होतो. बोटातल्या अंगठीचेही तेच. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, मुख्य मायनसची तार आधी सोडा, आणि चार्जिंग चालू असताना काम करू नका. त्या वेळी निघणारा हायड्रोजन वायू एका ठिणगीने पेट घेतो.

गावोगाव फिरणाऱ्या इ-रिक्षांत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या पुष्कळदा असतात. तिथे एकाच बॅटरीवर दिवा, भोंगा नि गाणी भागवण्याचा मोह फार.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवता येईल. टॉर्चचे सहा नवे सेल एकसर जोडा. त्यांतल्या दोहोंवर छोटा बल्ब दोन-तीन तास जळू द्या. मग मुलांच्या हाती मीटर देऊन एकेक सेल मोजायला सांगा. काय झाले ते आधी सांगू नका बरं का.

पगारकपातीचा कागद फाडला गेला. दोन नव्या बॅटऱ्या चार जुन्यांच्या पंगतीला बसवाव्या लागल्या. हीही जोडी बरी नव्हे, जुन्यांच्या संगतीत नव्या लवकर थकतात, पण सहा घेण्याइतके पैसे नव्हते. दिवा आता पेटीवर चालतो. ही पेटी दिवा बंद असतानाही थोडी वीज खाते, हे कळल्यापासून दिवाळीच्या सुटीत गाडी उभी राहायची असली की मामा तो फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात घालून घरी नेतात.