कागदावरची भोकं मोजताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. इथे परवाना काढून, ठरलेल्या मोसमात रानबदकांची शिकार करता येते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे हे ऐकून कुणी जायकवाडीला बंदूक घेऊन निघू नका. तिथे दुर्बीणच न्या.

तर, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरची पहाट, गुडघाभर पाण्यात मी आणि माझे शेजारी. साठी ओलांडलेले अमेरिकन गृहस्थ आहेत, मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणतो. एक मॅलार्ड नर आला, हिरव्या डोक्याचा. मी गोळी झाडली. तो कलला, खाली आला, पण मेला नाही. फडफडत वेतासारख्या उंच गवतात शिरला. आम्ही दोन तास शोधलं. नाही सापडला.

घरी जाताना काका एवढंच म्हणाले, "तुझी बंदूक कुठे मारते, तुला माहीत आहे का?" मी म्हटलं, "म्हणजे? जिथे नेम धरतो तिथे." ते हसले नाहीत. खरं सांगतो, त्या रात्री जेवण गेलं नाही. फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "खायला मारतोस ते एक वेळ समजू शकतो. पण अर्धवट जखमी करून सोडणं बरं नव्हे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग पुढच्या उन्हाळ्यात मी बंदुकीच्या मागे लागलो. बंदूक साधीच, सेकंडहँड घेतलेली बारा बोअरची पंप. हे 'बारा' कुठून आलं? नळीच्या व्यासाएवढे शिशाचे 12 गोळे केले, तर त्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणून बारा.

बाराच्या काडतुसात एक गोळी नसते, छर्रे असतात. ते बाहेर पडून पसरतात. किती पसरायचं हे नळीच्या टोकाला बसवलेला चोक ठरवतो. चोक म्हणजे नळीचं तोंड थोडं अरुंद करणारा आटा असलेला छोटा तुकडा. बागेत पाइपच्या तोंडावर अंगठा धरतो ना, साधारण तसंच.

आता छर्रे कशाचे? पूर्वी शिशाचे असत. पाण्याच्या तळाशी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळायची आणि शिशाच्या विषाने मरायची. ती बदकं खाणारे गरुडही मरायचे. म्हणून 1991 पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिसं पूर्ण बंद आहे. आता बहुतेक जण स्टील वापरतात. स्टील हलकं, त्यामुळे त्याचा वेग लवकर कमी होतो. पण ते कडक असतं, नळीत चेपत नाही, म्हणून छर्रे कमी पसरतात. म्हणजेच, शिशाच्या काळातले आडाखे स्टीलला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मोजावंच लागतं.

मोजायचं कसं? रेंजवर जायचं, कानाला आणि डोळ्यांना संरक्षण लावायचं. 40 यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर मोठा कागद ताणायचा, मधे एक ठिपका काढायचा. एक गोळी झाडायची आणि कागद बदलायचा. मग जिथे छर्रे सगळ्यात दाट आहेत तिथे 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. हो, एकेक करून!

माझ्या काडतुसात दोन नंबरचे साधारण 156 छर्रे. प्रत्येक चोकने पाच-पाच कागद केले. सगळ्यात अरुंद, फुल चोक सगळ्यात चांगला असणार असं मला वाटायचं. निघालं उलटंच. सरासरी 101 छर्रे आत, आणि मधेमधे बदक आरामात निसटेल एवढ्या मोकळ्या जागा. मधल्या, मॉडिफाइड चोकने 109, म्हणजे 70 टक्के, आणि पसरण एकसारखी. दुसऱ्याच्या बंदुकीत आकडे वेगळे येतील, हे लक्षात ठेवा.

पण खरा धक्का पुढे होता. वर्तुळाचा मध्य माझ्या ठिपक्याच्या वीस सेंटिमीटर वर होता. प्रत्येक कागदावर!

कारण काय? शॉटगनला मागची माशी नसते. तुमचा डोळा हीच मागची माशी. माझा दस्ता गालाला नीट लागतच नव्हता, म्हणून डोकं वर तरंगत होतं. हिशोब सोपा आहे. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर. त्यामुळे डोळा 1 मिलिमीटर वर गेला, की 36 मीटरवर फरक पडतो साधारण साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे माझा डोळा फक्त पाच-सहा मिलिमीटर चुकत होता.

उपाय स्वस्तातला. बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासलं. गाल टेकतो तिथे फोमच्या पातळ पट्ट्या चिकटवत गेलो, दर पट्टीनंतर पुन्हा कागद. दस्त्यामागची एक चकती काढून त्याची लांबी अर्धा इंच कमी केली, कारण थंडीच्या जाड जॅकेटमधे तो बगलेत अडकायचा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग उघडायचे, नजर थेट नळीवर हवी. हे घरी रोज वीस वेळा. शेवटी, कायद्याप्रमाणे बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा दांडा आत आहे ना, हे नकली काडतुसं घालून पाहिलं.

त्यानंतरचे कागद ठिपक्यावर आले. तरी 40 यार्डांवर कडेला मोकळ्या जागा दिसतच होत्या. 35 वर नव्हत्या. तेव्हा माझी मर्यादा ठरली, 35.

गेल्या मोसमात मी पाण्यात 35 यार्डांवर एक नकली बदक तरंगत ठेवलं. पहाटे एक मॅलार्ड त्याच्या पलीकडून गेला. सुंदर, सावकाश. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बंदूक उचलली नाही. त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतून माझ्या हातात दिली, बस्स.

त्या दिवशी दोन बदकं मिळाली, दोन्ही अलीकडची, दोन्ही लगेच हाताला लागली. घरी रस्सा केला. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "आणि हरवलेली?" मी लिहिलं, "एकही नाही."

तुम्ही कुठलंही साधन वापरत असाल, कॅमेरा, बाइक, काहीही, ते नेमकं कुठे चुकतं हे कधी मोजून पाहिलंय का? व्हॉइस मेसेज करून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!