वाड्याची आतली भिंत

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये आज विटा-सिमेंटची घरं दिसतात. पण दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास वसवलेल्या इथल्या ‘लष्कर’ या वस्तीत मराठी माणसं आली, ती वाड्याची कल्पना सोबत घेऊनच.

पुण्याच्या विश्रामबागवाड्यासारख्या लाकडी सांगाड्यात भार पेलतात खांब आणि तुळया. मधली भिंत पुष्कळदा नुसती भर, मातीत रचलेल्या विटांची. म्हणून दुरुस्ती काढलीत तर आधी खांबाचा तळ बघा. दगडी तळखड्यावरचं टोकच ओलीनं पहिलं कुजतं. टोचणी सहज आत शिरली, तर गिलाव्यावर पैसे घालू नका. आधी तुळईला टेकू, मग सुतार.

गिलावा चुन्याचाच. सिमेंट ओल कोंडून ठेवतं, आणि ती मुरते लाकडात. भिजवून मुरवलेला चुना वाळूसह घाण्यात मळायचा. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, तागाचे तुकडेही घालत. लाकूड-विटेच्या सांध्यावर तडा जातो, तिथे आधी जाळी ठोका. चुना सावकाश घट्ट होतो. कंत्राटदार घाई करेलच, त्याचं ऐकू नका. वर ऑइलपेंट तर मुळीच नको, चुन्याची सफेदी पुरे.